मधातला बॉक्स

होम थिएटरला मधातला बॉक्स, म्हणजे मधला स्पीकर, लागतो का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुम्ही बसता कुठे? समोरचा गडबडतो. त्याला वाटतं, बाईला प्रश्नच कळला नाही. बाईला प्रश्न बरोबर कळलेला असतो. तुम्ही टीव्हीच्या नाकासमोर, सोफ्याच्या मधोमध बसत असाल तर तुम्हाला तो बॉक्स लागत नाही, खुशाल पैसे वाचवा. पण घरात आणखी माणसं असतील, आणि ती दाराशी, भिंतीशी, दिवाणावर बसत असतील, तर मग उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना विचारा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, घरात भांडून सांगते आहे. लिहिताना शाळेतली भाषा लिहीन म्हणते, पण राग आला की माझ्या तोंडात घरची येते. तेवढं सांभाळून घ्या.

आमचं घर चामोर्शीत. पोरीच्या बाबांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या आणि साऊंड. त्यातला साऊंड त्यांचा जीव की प्राण. लग्नाआधी ते वडशाच्या एका नाटक कंपनीत साऊंड लावायचे आणि मी त्याच कंपनीत काम करायची. काम म्हणजे हिरोईनचं. हसू नका. आज माझ्याकडे पाहून कोणाला खरं वाटत नाही, पण नागभीडपासून आलापल्लीपर्यंत लोक आमचं नाटक पाहायला ट्रॅक्टर भरभरून यायचे. आमचं जमलं तेही माइकपायी. मी म्हणायची, माइक खाली घ्या. ते म्हणायचे, तू आवाज वर घे. ते भांडण आजही चालू आहे.

झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाही तर पुढचं भांडण समजायचं नाही. दिवाळी झाली, धान निघालं, की आमच्या गावागावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, स्टेज बांधायचं. स्टेजच्या वर दोरीला माइक लोंबत असतात, त्यांच्याखाली येऊन बोलायचं. आवाजाचे बॉक्स दोन बाजूंना, थप्पी लावून. मधात कधीच नाही. मधात बॉक्स ठेवला तर एक तर लोकांच्या डोळ्यांपुढे आडवा येतो, आणि दुसरं म्हणजे लोंबत्या माइकनं त्याचा आवाज पकडला की अशी शिट्टी मारतो की पुढची लेकरं कानावर हात ठेवून रडायला लागतात. पोरीच्या बाबांनी उभ्या जन्मात मधात बॉक्स ठेवला नाही. जो ठेवतो त्याला ते साऊंडवाला म्हणतच नाहीत.

आणि बसायचंही ठरलेलं. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि मधात पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या. मी स्टेज सोडल्यावर एकदा एका गावी नुसती नाटक पाहायला गेले होते. पोरगी लहान होती, माझा हात धरून चालत होती. ज्या गावात मी कितीतरी सीझन काम केलं त्या गावात मी सरळ मधातल्या खुर्चीवर जाऊन बसले. छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला आणि म्हणाला, बाई, इथी कुठून आल्या तुम्ही, बाया तिकडे बसून राह्यल्या. मला असा राग आला की काय सांगू. मी त्याला काहीतरी एक वाक्य ऐकवलं. काय ऐकवलं ते मी पार विसरून गेले, पण तो निमूट निघून गेला आणि आम्ही मायलेकींनी नाटक मधात बसून पाहिलं.

तर आता होम थिएटर. मागच्या वर्षी सीझन चांगला गेला म्हणून पोरीच्या बाबांनी चंद्रपूरहून ते खोकं आणलं. बारशाचं बाळ आणावं तसं गाडीतून मांडीवर धरून आणलं. हॉलमध्ये उघडलं. त्यातून बॉक्स जोडायचं एक मशीन निघालं, दोन उंच बॉक्स निघाले, दोन लहान निघाले, एक जाडजूड घुमणारा निघाला आणि सगळ्यात शेवटी एक आडवा, लांबट निघाला. तो त्यांनी उलटापालटा करून पाहिला.

"हा कायचा वं?"

"मले का विचारता? पुस्तक आहे ना त्याच्यात."

"पुस्तक वाचून कोणी साऊंड लावते का?"

मी पुस्तक उघडलं. चित्रात तो बॉक्स टीव्हीच्या खाली, बरोबर मधात दाखवला होता. मी दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मधात? मधात बॉक्स? हे कंपनीवाले कधी स्टेजवर चढले त असन का? हा जादाचा आहे. आन् तसंही तिथी बुद्धमूर्ती आहे, जागा कुठी आहे?"

झालं. मूर्ती टीव्हीखालीच राहिली आणि तो बॉक्स गोडाऊनमध्ये गेला. बाकीचं सगळं जोडून त्यांनी एक सिनेमा लावला. पाऊस वाजला, गाडी वाजली, ढोल असा वाजला की खिडकीच्या काचा हलल्या. माणसांची तोंडंही हलत होती, पण बोलणं कुठे आहे? विहिरीच्या तळातून आल्यासारखं. पोरीच्या बाबांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, भाऊ, मशीनले वाटून राह्यलं मधात बॉक्स आहे, म्हणून सारं बोलणं ते तिकडेच पाठवून राह्यलं. सेटिंगमध्ये जाऊन सांगा, मधात काई नाई. यांनी तसं सांगितलं आणि बोलणं आलं. मग काय विचारता! छाती फुगवून सोफ्याच्या मधात बसले.

"म्हणलो होतो ना! लागतच नाई."

आमचा हॉल असा आहे. सोफा टीव्हीसमोर, त्याच्या मधात ते. उजव्या भिंतीला दिवाण, त्यावर माझी सासू, आत्याबाई. तिचे गुडघे गेलेत, सोफ्यावर बसली की दोघांनी धरून उठवावं लागतं, म्हणून ती दिवाणावरच. आणि मी डाव्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून. गॅसवर भात असतो, सासूला पाणी लागतं, दारात कोणी येतं. माझी जागा ती. आणि तो डावा उंच बॉक्स बरोबर माझ्या कानाशी.

तिथून मला काय ऐकू येई? ढोल. सगळा ढोल माझ्या कानात आणि बोलणं त्या ढोलात बुडालेलं. मी म्हटलं, मला शब्द लागत नाहीत. तर म्हणे, कान तपासून घे. घेतले! गडचिरोलीला जाऊन तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, बाई, वयाच्या मानानं तुमचे कान ठणठणीत आहेत. तो कागद मी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तरी यांचं आपलं चालूच, मले त बराबर आयकू येते बाप्पा.

मग एक दिवस दुपारी ते मांडवाचं सामान घेऊन घोट गावाला गेले असताना मी त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. बातम्या लावल्या. आणि खोटं कशाला बोलू, बातम्या देणाऱ्या पोरीचा आवाज अगदी तिच्या तोंडातून येत होता. मधात बॉक्स नाही, काही नाही, तरी आवाज मधातून. दोन बाजूंचे बॉक्स मिळून मधात एक खोटा बॉक्स उभा करत होते. मी जरा डावीकडे सरकले, आवाज माझ्यासोबत डावीकडे आला. आणखी सरकले, खोटा बॉक्स गायब. म्हणजे तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचं खरंच होतं, पण त्याच्या एका बुडापुरतं. मला त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी मी त्यांना हे सांगितलं.

"मग मधात बसत जा ना," ते म्हणाले.

"आन् तुम्ही कुठी बसान? आन् आत्याबाईले का मांडीवर घेऊ मी?"

यावर त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोच एक इलाज आहे. आवाज वाढवला की ढोलही वाढतो, हे चाळीस वर्षं साऊंड लावणाऱ्या माणसाला मी काय समजावू? मी एवढंच म्हटलं, आवाज मधात आणा, माणसं हलवू नका. त्यांनी ऐकलं नाही. मीही मग नाद सोडून दिला असता. सासवा-सुनांच्या सिरियलमधले शब्द नाही कळले तर कोणाचं काय अडतं? पण मग पोरीचा सिनेमा आला.

आमची एकुलती एक पोरगी पुण्यात असते. नाटकाचं शिक्षण घेतलं तिनं, चांगलं रीतसर. माझ्यासारखं धानाच्या बांधीत नाही. लहानपणी ती घरात डायलॉग म्हणायची तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडायची, मांगच्या बाईले आयकू गेलं पाह्यजे! पुण्याला गेल्यापासून ती मला शिकवायला लागली. म्हणे, आई, माइक आता कपड्यांच्या आत असतो, ओरडलं की खोटं वाटतं. मी म्हटलं, बाई, मी ओरडत नव्हते, मी पोचवत होते. यावरून आमचं इतक्यांदा वाजलं की तिनं मला तिचं काम दाखवणंच कमी केलं. दाखवलं तरी आधीच म्हणायची, तू आवाजाचं बोलू नको.

आणि तिला पहिलं मोठं काम मिळालं ते आमच्याच जंगलातलं. भामरागडकडे शूटिंग झालं, रस्ते सुरू असतात त्या दिवसांत. मोहफूल वेचणाऱ्या बाईचं काम. सिनेमा घरबसल्या टीव्हीवर पाहता येणार होता. ज्या दिवशी आला त्या दिवशी सकाळी तिचा फोन.

"आई, जंगलनाक्याच्या सीनमध्ये मी एक वाक्य बोलते. ते लिहिलेलं नव्हतं, मी घालायला लावलं. ते ऐक आणि मग मला सांग."

"का आहे?"

"सांगणार नाही. तू ऐक."

तिचा आवाज असा झाला होता, परीक्षेला बसल्यासारखा. एवढी मोठी झाली, सिनेमात आली, आणि वाट कोणाची पाहत होती? माझी. मी काय म्हणते याची. मला दिवसभर काही सुचलं नाही.

दिवे लागायच्या वेळेला आम्ही तिघं बसलो. आपापल्या जागेवर. पोरगी पडद्यावर आली तेव्हा सासू हात जोडून बसली होती, कोणाला ते मला माहीत नाही. पोरगी टोपली घेऊन चालत होती, अगदी आमच्याकडच्या बाया चालतात तशी.  मग तो नाका आला. नाक्यावरचा गार्ड मोटरसायकलवरून उतरला, तिला काहीतरी विचारलं. दूर कुठेतरी ढोल वाजत होता, जंगल किरकिर करत होतं. पोरगी थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. आणि तो गार्ड बाजूला झाला.

पोरीच्या बाबांच्या डोळ्यात पाणी.

"का म्हणली वं ते?" सासूनं दिवाणावरून मला विचारलं.

"मले का माहीत!" मी म्हटलं. माझ्या कानात नुसता ढोल होता.

त्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं, आवाज वाढवून. ढोल वाढला. पुन्हा लावलं. सासूनं कानाला हात लावला, मी खुर्चीतून पुढे वाकले. नाही म्हणजे नाही.

"खाली लिहून येते ना, वाच."

"ते इंग्रजीत आहे. माई पोरगी इंग्रजीत बोलून राह्यली का?"

"बरं, मी सांगतो. ते म्हणते..."

"थांबा!" मी अशी ओरडले की सासू दचकली. "खबरदार सांगान त! माया पोरीचं वाक्य मी तुमच्या तोंडून नाई आयकणार. मोबाईल कानाले लावूनही नाई. चोरून आयकू का मी तिले, माया घरात बसून?"

तेवढ्यात तिचाच फोन आला. बाबांनी उचलला, झक्कास, फर्स्टक्लास, असं बरंच बोलले आणि मला दिला.

"आई, ऐकलंस?"

हो म्हणता आलं असतं. सोपं होतं. पण ज्या पोरीला मी लहानपणापासून मागच्या बाईला ऐकू गेलं पाहिजे म्हणून रडवलं, तिला खोटी टाळी देऊ?

"नाई आयकू आलं बेटा."

 मग ती म्हणाली, "तू नेहमी हेच म्हणतेस."

"अवं, तुयी गोष्ट नाई, हा बॉक्स..."

"तुला पुरेल इतकं मोठ्यानं मला कधीच बोलता येणार नाही, आई." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. तिनं घेतला नाही. पुन्हा लावला, नाहीच घेतला.  मी तिला नावं ठेवली नव्हती हो! मला तिचं वाक्य हवं होतं, आणि तिला वाटलं मी तेच जुनं तुणतुणं वाजवते आहे.

"कायले खरं बोलली? हाव म्हणून टाकायचं," पोरीचे बाबा म्हणाले. मग माझं तोंड पाहून उठले आणि सोफ्यावर हात ठेवला. "ये, मधात बस. दोन मिनिटाचं काम. आयकून घे आन् फोन कर."

मी उठले होते, हे मी लपवत नाही. चार पावलं टाकली असती की झालं होतं. तेवढ्यात दिवाणावरून सासू म्हणाली, "आन् मी?"

आम्ही दोघंही तिच्याकडे पाहायला लागलो.

"माई नात नाई का ते? तुम्ही दोघंही आयकून घेसान. मी कुठी जाऊ?"

मी परत माझ्या खुर्चीवर येऊन बसले. बसले म्हणजे रोवून बसले.

सकाळी चहा झाल्यावर मी गोडाऊनची चावी घेतली आणि एकटीच गेले. तो बॉक्स सापडायला वेळ लागला नाही. टेबलाजवळ आडवा टाकला होता आणि त्याच्यावर चहाचे गिलास उपडे घातले होते. त्यातल्या आवाजाच्या तोंडावर चहाचे ओघळ! मी पदरानं तो पुसला, काखेत मारला आणि बाजारातून तशीच चालत घरी आणला. वाटेत दोघी बायांनी विचारलं, का घेऊन चालल्या बाई? मी म्हटलं, माया पोरीचा आवाज. 

पोरीच्या बाबांनी तो माझ्या काखेत पाहिला आणि दाढी करता करता तसेच बाहेर आले, अर्ध्या गालाला फेस.

"मधात नाई ठेवाचा हं! मधात बॉक्स ठेवला का शिट्टी मारते, किती डाव सांगू?"

"कोण मारते शिट्टी? माइक दाखवा मले. कुठी आहे माइक इथी?"

त्यांनी खरोखर वर पाहिलं. देवाशपथ, वर पाहिलं, पंख्याकडे! तिथे दोरीला माइक लोंबत नव्हता. मला हसू येत होतं पण मी हसले नाही, कारण अजून माझं बोलून झालं नव्हतं.

"दोन बॉक्सनं सारं आयुष्य भागलं आमचं," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"भागलं! काऊन भागलं, सांगू? तुमच्या दोन बॉक्सच्या मधात मी उभी राहायची. लाईन गेली, जनरेटर बसलं, तुमच्या दोन्ही थप्प्या मुक्या झाल्या, तरी मांगची बाई जागची हलली नाई. मधात माणूस होता म्हणून! जितंजागतं माणूस, गळ्यातून बोलणारं. तुम्ही बाजूनं नुसता हात लावत होते. आन् आता या टीव्हीच्या मधात कोण उभं आहे? काच आहे काच!"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं फेस पुसला. मग मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाले, "पण इथी..."

"बुद्धाले टीव्हीच्या खाली कायले बसवलं?" सासू म्हणाली. "वर बसवा, उजेडात. मी कवाची म्हणून राह्यली, आयकते कोण?"

मूर्ती खिडकीजवळच्या फळीवर गेली. तिथे ती जास्त शोभते.

बॉक्स जोडायच्या आधी मी त्यांना म्हटलं, एकदा माझ्या खुर्चीवर बसा. घर बांधल्यापासून ते त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. बसले. तोच नाक्याचा सीन लावला, आवाज कमी ठेवून, आणि मी माझे दोन्ही कान झाकून घेतले. त्यांनी मान वाकडी केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली.

"इथी त सारा ढोलच येते वं."

"हो ना बाप्पा! येवढे दिवस मी का भजन करून राह्यली होती?"

मग ते दिवाणावर जाऊन सासूच्या शेजारी बसले. तिथेही तेच. यानंतर मात्र तो माणूस साऊंडवाला झाला. वायर सोलली, बॉक्स टीव्हीखाली बसवला, त्याच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तोंड वर केलं, खुर्चीवर बसून पाहिलं, दिवाणावर बसून पाहिलं, पुन्हा घडी सारली. मशीनला सांगितलं, मधात आहे. एका शब्दानं माझी माफी मागितली नाही. मीही मागा म्हटलं नाही. नाटक कंपनीत माफीबिफी नसते, पुढचा प्रयोग नीट लावायचा असतो.

"बस," म्हणाले. "तुया जागेवर बस."

मी दाराशी बसले. सासू दिवाणावर. ते मात्र बसलेच नाहीत, सोफ्याच्या मागे उभे राहिले. पोरगी टोपली घेऊन आली. गार्ड मोटरसायकलवरून उतरला. जंगल किरकिरलं, ढोल वाजला, पण आता ढोल तिकडे लांब होता, जिथे असायला पाहिजे तिथे. गार्डचं बोलणं आलं, स्वच्छ. "ए बाई, इथं कुठून आली?"

पोरगी थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी आली नाई भाऊ. मी इथीच होती."

मोठ्यानं नाही. ओरडून नाही. शेजारच्याला सांगावं तशी म्हणाली, आणि मला, मागच्या बाईला, दाराशी, भाताच्या वासात बसलेलीला, शब्द न् शब्द आला.  ते माझं होतं. त्या मंडईत, त्या बिल्लेवाल्याला मी हेच म्हटलं होतं, आणि मी विसरले होते, आणि हात धरून उभी असलेली ती पोरगी विसरली नव्हती.

"बराबर बोलली पोट्टी," दिवाणावरून सासू म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मी फोन लावला. उचलला नाही. बाबांच्या फोनवरून लावला, तो उचलला.

"हं, बाबा."

"बाबा नाई, मी होय. आयकलं."

 मग रुसलेला आवाज, लहानपणी असायचा तसाच. "खोटं. बाबांनी सांगितलं तुला."

"त्याहीच्या तोंडाले मी कुलूप लावलं होतं. तुयाच तोंडून आयकलं. त्या बिल्लेवाल्याचं आहे ना ते?"

ती रडायला लागली. मीही रडले, काय लाज त्यात. जरा वेळानं नाक ओढत म्हणाली, "मग मधे जाऊन बसलीस ना शेवटी? बाबांच्या जागेवर?"

"कायले जाऊ?" मी म्हटलं. "मी कुठीच गेली नाई बेटा. मी इथीच होती."